पोटच्या पोराचं पोर्ट्रेट: तैलरंगात, समोर बसवून

लेकीचं पहिलं पोर्ट्रेट केलं तेव्हा ती चार वर्षांची होती. घरात सगळ्यांना आवडलं, अजूनही बाहेरच्या खोलीत लावलेलं आहे, आणि माझ्या लेखी ते पार फसलेलं आहे. टपोरे डोळे, गोबरे गाल, कळीसारखे ओठ. वाण्याच्या कॅलेंडरवर शोभेल असं कुठलंही एक बाळ. तिची डावी भुवई उजवीपेक्षा किंचित वर आहे, हे त्या चार वर्षांत मला एकदाही दिसलं नव्हतं. दिवसातून दहादा धुतलेला-पुसलेला चेहरा, पण मी तो कधी पाहिलाच नव्हता. अनोळखी मॉडेल समोर असलं की आपण मुकाट्याने मापं घेतो. पोटचं पोर बसलं की हात आठवणीतून चालायला लागतो.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत तिचं दुसरं पोर्ट्रेट केलं. ती आता सात वर्षांची. या वेळी ठरवलं होतं, माया मनात राहू दे, पण ब्रश मायेच्या हातात द्यायचा नाही. खालची सगळी रीत त्यातून आलेली आहे. तैलरंग थोडेफार हाताळलेले असतील असं धरून लिहिते. ज्यांनी ट्यूब कधी पिळलीच नाही त्यांनी आधी घरातले तांबे-भांडी, कांदे-वांगी रंगवून यावं. कांदा हलत नाही.

आधी बघायची चित्रं

रुबेन्सने आपल्या थोरल्या मुलीचं, क्लारा सेरेनाचं, १६१६ च्या सुमारास केलेलं चित्र बघा. ती तेव्हा पाच वर्षांची होती. चित्र एवढंसं आहे, दोन ए-फोर कागद शेजारी ठेवले तर त्यांच्यात मावेल. चेहरा थेट समोर, गाल लाल, नाकाच्या शेंड्यावर उजेडाचा ठिपका. गळ्याखाली आलात की कॉलर आणि कपडा नुसता भराभर ओढून सोडलेला. रेशीम आणि लेस रंगवणं रुबेन्सच्या डाव्या हातचा मळ होता, तरी इथे त्याने सगळा जोर चेहऱ्यावर लावला. ही मुलगी १६२३ मध्ये, बाराव्या वर्षी गेली.

रेम्ब्रांटने १६५५ मध्ये आपल्या मुलाला, टायटसला, मेजाशी बसवून रंगवलं. ते चित्र रॉटरडॅमच्या बोयमान्स संग्रहालयात आहे. मुलगा लिहिता लिहिता थांबलाय, अंगठा हनुवटीत रुतवलाय, नजर कुठेतरी पलीकडे. बापाकडे त्याचं लक्षच नाही. आपल्याकडे पोर्ट्रेट म्हटलं की ‘इकडे बघ’ असं ओरडायची सवय आहे, तिच्यावर हा चांगला उतारा.

आणि सा. ल. हळदणकर. मूळचे सावंतवाडीचे. हातात निरांजन घेतलेली, दुसऱ्या हाताने ज्योत आडोशाला धरलेली त्यांची ती स्त्री पुष्कळांनी घरात फ्रेम करून लावलेली असते आणि राजा रविवर्म्याच्या नावावर खपवलेली असते. १९४५-४६ च्या सुमाराचं हे चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. मॉडेल म्हणून उभी होती त्यांचीच मुलगी, गीता. चित्र जलरंगात आहे, म्हणजे चुकलं तर वरून झाकायची सोय जवळजवळ नाहीच. ज्योतीचा उजेड बोटांच्या कडांमधून तांबूस होऊन कसा झिरपतो ते नीट बघा, पुढे त्वचेच्या रंगाशी आलो की ते लागणार आहे. पणजीला गेलात तर फुंदासांव ओरिएंत या संस्थेत गोव्याचे चित्रकार अँतोनियो झेवियर त्रिंदाद यांचा संग्रह पाहा. त्यांनी बायको-मुलींना मॉडेल करून खूप काम केलं, आणि मुलगी अँजेला पुढे स्वतः चित्रकार झाली.

जागा, उजेड, उंची

एकच खिडकी हवी. खोलीतली ट्यूबलाइट बंद, समोरच्या दाराला पडदा. दोन बाजूंनी उजेड आला की लहान मुलाचा चेहरा सपाट होतो, कारण त्यात मुळातच हाडांचे उंचवटे कमी असतात. सावलीची एक बाजू मिळालीच पाहिजे.

परदेशी पुस्तकांत उत्तरेची खिडकी सांगतात, कारण तिथे त्या खिडकीतून थेट ऊन जवळजवळ येत नाही. आपल्याकडे त्यात एक मेख आहे. मुंबई-पुण्याच्या अक्षांशावर मे महिन्याच्या मध्यापासून जुलैच्या शेवटापर्यंत सूर्य भर दुपारीही डोक्याच्या उत्तरेला असतो, आणि त्याच्या आगेमागेही उन्हाळाभर सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन उत्तरेच्या खिडकीत शिरतं. मे महिन्याच्या सुट्टीत बसणार असाल तर खिडकीला जुनं पांढरं धोतर किंवा मलमल लावा. दिवाळी ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यात उजेड मऊ असतो, पण रंग लवकर वाळत नाहीत आणि ढग सरकला की सगळ्या छटा बदलतात.

भिंतीचा रंग चेहऱ्यावर उडतो. आमची खोली पोपटी आहे, त्यामुळे पहिल्या दिवशी लेकीचा जबडा हिरवट दिसायला लागला. शेवटी तिच्या सावलीच्या बाजूला करड्या रंगाची सोलापुरी चादर टांगली. कपडा तिच्याच आवडीचा, धुऊन धुऊन विटलेला सुती फ्रॉक. नवा कोरा, जरीचा, कडक इस्त्रीचा कपडा घातला की मूल लग्नाला आल्यासारखं बसतं.

आता उंची. माझ्या पहिल्या चित्रातली निम्मी चूक इथेच झाली होती. उभं राहून खाली बघत रंगवलं की कपाळ मोठं, हनुवटी नाहीशी, आणि ‘गोंडस’पणा फुकटात मिळतो. या वेळी तिला साध्या खुर्चीवर बसवलं, पायाखाली पाट दिला (पाय लोंबकळत असले की पाच मिनिटांत चुळबुळ सुरू होते), आणि मी स्वतः बुटक्या स्टुलावर बसले. दोघींचे डोळे एका रेषेत आले. अंतर साधारण सहा-सात फूट. कॅनव्हास तिच्या बाजूलाच उभा केला, म्हणजे मान न वळवता दोन्ही दिसतं.

आकार १२ बाय १६ इंच पुरे. चेहरा खऱ्यापेक्षा थोडा लहान ठेवा. लहान मुलाचं डोकं खऱ्यापेक्षा मोठं रंगवलं की ते भिंतीवरून अंगावर येतं.

बसणं

सात वर्षांचं मूल एका वेळी पंधरा ते वीस मिनिटं बसतं, तेही त्याचा मूड असला तर. मी दिवसाला दोन बैठका धरल्या, मध्ये खाणं. अशा एकूण अकरा झाल्या. खुर्चीचे आणि पाटाचे पाय जमिनीवर खडूने आखून ठेवा, नाहीतर प्रत्येक वेळी नवं मूल समोर येतं.

हातात मोबाइल देऊ नका. पडद्याचा निळा उजेड हनुवटीखालून येतो, आणि चेहऱ्यावर जो मख्खपणा उतरतो तो चित्रातही तसाच उतरतो. आमच्याकडे चाललं ते गोष्ट ऐकणं. आजी शेजारी बसून गोष्ट सांगायची. ऐकताना डोळे स्थिर होतात पण आत काहीतरी चालू असतं. मला हवा होता तो चेहरा तिसऱ्या बैठकीत असाच मिळाला.

हसायला सांगू नका. हसू दोन-तीन सेकंदांचं असतं. तासभर धरलेलं हसू म्हणजे दात दुखल्याचा चेहरा.

फोटो हवा असेल तर घ्या, पण फक्त फ्रॉक आणि हातांसाठी. मोबाइल जवळ नेला की नाक फुगतं आणि कान मागे जातात. सहा फुटांवरून, दुप्पट झूम करून, डोळ्यांच्या उंचीवरून काढा, आणि त्वचा गुळगुळीत करणारी फोनमधली करामत आधी बंद करा.

रेखाटन

इथे घाई करू नका. माझ्या अकरा बैठकांपैकी तीन नुसत्या कोळशाच्या कांडीवर गेल्या.

आधी डोकं, मान आणि खांदे यांचा मिळून एकच बाह्याकार काढा. डोळे-नाक काही नाही. मग सुताला एक नट बांधून ओळंबा करा, गवंडी धरतात तसा. तो डोळ्यासमोर धरला की डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याखाली नाकपुडी येते की नाही, हनुवटी गळ्याच्या खळगीच्या कितपत पुढे आहे, हे लगेच कळतं. ब्रशची दांडी हात ताठ करून, एक डोळा मिटून धरा आणि कपाळाच्या वरच्या टोकापासून हनुवटीपर्यंतचं माप घ्या. कोपर वाकलं की माप बिघडलं.

मोठ्या माणसाचे डोळे डोक्याच्या साधारण मध्यावर येतात. तान्ह्या बाळाचे मध्याच्या बरेच खाली. सात वर्षांच्या मुलात ती रेघ मध्याच्या जराशीच खाली असते, आणि सगळी गंमत त्या ‘जराशी’त आहे. फार खाली नेली की दोन वर्षांचं बाळ झालं, मध्यावर आणली की बुटकी बाई. केसांची जाडी वगळून, कवटीचं टोक कुठे असेल ते चाचपून ठरवा. मी तर सरळ जाऊन डोक्यावर हात ठेवून आले. हा फायदा अनोळखी मॉडेलच्या बाबतीत नसतो.

मुलांचे डोळे मोठे का दिसतात? बुबुळ जन्मतःच साधारण १० मिलिमीटर रुंद असतं आणि दोनेक वर्षांत जवळजवळ मोठ्या माणसाएवढं, म्हणजे १२ मिलिमीटरच्या आसपास होतं. चेहरा मात्र पुढे दहा-बारा वर्षं वाढतच राहतो. म्हणजे डोळे मुद्दाम मोठे काढायची गरजच नाही. बाकीचा चेहरा बरोबर मापला की ते आपोआप मोठे दिसतात. बहुतेक हौशी पोर्ट्रेटं इथेच घसरतात, मीही घसरले होते.

नाकाचा पूल बसका असतो, म्हणून चेहरा थोडा वळलेला असला तरी पलीकडचा डोळा नाकाआड जात नाही. भुवईचं हाड उचललेलं नसतं, त्यामुळे डोळ्यांच्या खोबणीत सावली कमी. वरचा ओठ खालच्यापेक्षा थोडा पुढे येतो. जबडा लहान, मान काटकुळी.

यानंतर या सगळ्या नियमांवर पाणी सोडा आणि तुमच्या मुलात काय वेगळं आहे ते शोधा. कॅनव्हासचं चित्र आणि मूल, दोन्ही आरशात उलटं बघा. उलट्या चेहऱ्याची आपल्याला सवय नसते, म्हणून माया तिथे पोचत नाही. डावी भुवई वर आहे हे मला आरशातच दिसलं. एक नाकपुडी दुसरीपेक्षा गोल आहे, हेही. सासूबाईंनी बघून लगेच सांगितलं की ही भुवई त्यांच्या सासऱ्यांची!

पहिला थर

कोळसा हलक्या फडक्याने झटका, रेघा पातळ रॉ अंबरने, म्हणजे मातकट तपकिरी रंगाने, पक्क्या करा. त्याच रंगात टर्पेंटाइन घालून सगळा चेहरा पातळ माखा, आणि मग सुती चिंधीने उजेडाच्या जागा पुसून काढा. डोळे किलकिले करून बघा, उजेड आणि सावली असे दोनच तुकडे दिसले पाहिजेत. अंबर लवकर वाळतो, दोन दिवसांत पुढचं काम घेता येतं. हे काम मी मुलगी झोपल्यावर, दुसऱ्या खोलीत खिडकी उघडी ठेवून केलं. का, ते पुढे.

त्वचेचा रंग

दुकानात ‘फ्लेश टिंट’ नावाची गुलाबी ट्यूब मिळते. ती आणू नका. आपल्या घरात त्या रंगाचं कोणीही नाही.

माझं पॅलेट: टायटॅनियम व्हाइट, यलो ऑकर, बर्न्ट सिएना, व्हर्मिलियनच्या छटेचा लाल, क्रिमसन, अल्ट्रामरीन, रॉ अंबर. सात ट्यूब. मूल येऊन बसायच्या आधी पॅलेट नाइफने पाच ढिगारे करून ठेवायचे, कारण रंग कालवत बसलात तर मूल उठून जातं. उजेडासाठी ऑकर आणि व्हाइट, त्यात लालाचा कण. मधल्या छटेसाठी ऑकर आणि बर्न्ट सिएना, व्हाइट अगदी कमी. उजेडातून सावलीकडे वळतो त्या पट्ट्यासाठी याच मधल्या ढिगात थोडा अल्ट्रामरीन, इतकाच की रंग मरगळेल पण निळा होणार नाही. सावलीसाठी बर्न्ट सिएना, क्रिमसन, अल्ट्रामरीन. सगळ्यात गडद जागांना अंबर आणि अल्ट्रामरीन. काळा मी घेतच नाही.

गव्हाळ-सावळ्या त्वचेला उजळवायला पांढरा घातला की ती खडूसारखी दिसते. आपल्याकडच्या कातडीवर उजेड वेगळा वागतो. मुख्य रंग गडदच राहतो आणि चकाकी मात्र लहान, धारदार आणि थंड असते, खिडकीतून आकाशाचा उजेड येत असेल तर निळसर. म्हणून सबंध गाल फिका करू नका. गाल होता तसाच ठेवा आणि गालाच्या हाडावर, नाकाच्या शेंड्यावर, खालच्या ओठावर निळसर पांढऱ्याचे अगदी थोडे ठिपके द्या. तेही सगळ्यात शेवटी. नातेवाइकांपैकी कोणीतरी ‘जरा गोरी कर ना’ म्हणेलच. आमच्याकडेही म्हणालं. ऐकायचं नाही.

मुलांची त्वचा पातळ, उजेड तिच्यातून थोडा आत जाऊन बाहेर येतो. हळदणकरांच्या चित्रातली तांबूस बोटं ती हीच. खिडकी मुलाच्या थोडी मागे असेल तर कानाची पाळी नुसती पेटल्यासारखी दिसते. तिथे व्हर्मिलियन आणि बर्न्ट सिएना, पांढरा बिलकूल नाही. सावलीच्या कडेलाही तसाच बारीक तांबूस पट्टा असतो. तो सापडला की चेहरा मेणाचा न राहता रक्तामांसाचा होतो.

थर चढवताना खालचा थर कमी तेलाचा आणि वरचा जास्त तेलाचा ठेवा. उलटं झालं तर वरचा थर आधी वाळतो आणि पुढे तडकतो. ब्रश मोठ्यापासून लहानाकडे. चेहऱ्याचा ऐंशी टक्के भाग मी आठ नंबरच्या फिल्बर्टने, म्हणजे गोल टोकाच्या चपट्या ब्रशने केला.

डोळे, तोंड, आणि पडलेला दात

लहान मुलाच्या चेहऱ्यावर रेघा नसतात. नाकापासून ओठाच्या कोपऱ्याकडे जाणारी घडी, डोळ्याखालचा खळगा, या जागा तुम्हाला दिसतात, पण तिथे छटेचा फरक नखाएवढा असतो. गडद ओढलीत की मूल पाच वर्षांनी थोराड दिसतं. डोळ्याचा पांढरा भाग पांढरा नसतो. वरच्या पापणीची सावली त्यावर पडते, तो करडाच रंगवा. बुबुळाचा वरचा काठ पापणीखाली झाकलेला ठेवा, पूर्ण गोल दिसलं की मूल दचकलेलं वाटतं. चकाकी एकच, खिडकीच्या बाजूला. पापण्यांचे केस सुटेसुटे मोजत बसू नका, एक गडद कड पुरते.

तोंड एका बैठकीत पुरं करा. हा सल्ला मी किंमत मोजून मिळवलाय. सहाव्या बैठकीत ओठ अर्धे झाले होते, आणि सातवीच्या आदल्या रात्री लेकीचा वरचा पुढचा दात पडला. वरचा ओठ त्या जागी आत गेला, कोपरे वेगळे बसायला लागले, शिवाय जीभ दर मिनिटाला त्या खिंडीत. दोन दिवस जुने ओठ आठवून रंगवायचा प्रयत्न केला. मग पॅलेट नाइफने ते खरवडले आणि दात पडल्यानंतरचं तोंड, मिटलेलं, नव्याने केलं. चित्रात दात दिसत नाही, पण तो पडलाय हे ओठांवरून कळतं.

तिचं म्हणणंही विचारा. प्रत्येक बैठकीनंतर मी तिला चित्र दाखवायचे. भुवई बघून ती न बोलता न्हाणीघरातल्या आरशाकडे गेली, परत आली, ‘बरोबर आहे’ म्हणाली. हे चित्र ऑनलाइन टाकू का, असं विचारल्यावर मात्र ‘नको, शाळेतली बघतील’ म्हणाली. म्हणून या लेखासोबत ते नाही.

कुठे थांबायचं

गेन्सबरोने १७५६ च्या सुमारास आपल्या दोन मुली फुलपाखरामागे धावताना रंगवल्या. लंडनच्या नॅशनल गॅलरीत हे चित्र आहे, आणि ते अपुरं आहे. कपड्यांवर ब्रशचे नुसते फटकारे आहेत, चेहरे मात्र पक्के. चित्रात हवा खेळते ती त्यामुळेच, असं मला वाटतं. फ्रॉकवरची फुलं मी सहा रंगवली आणि बाकीची सोडून दिली. नातेवाईक विचारतात, पुरं कधी करणार.

माझी खूण अशी: ज्या दिवशी समोर न बघता तुम्ही दहा मिनिटं काहीतरी ‘सुधारत’ बसलात, त्या दिवशी ब्रश धुवा.

घरात मूल आणि तैलरंग

टर्पेंटाइनची वाफ मुलांना नको, बिनवासाच्या थिनरचीही नको. म्हणून पातळ थराचं सगळं काम मुलगी नसताना, आणि ती समोर असताना फक्त जवसाचं तेल. ब्रशही आधी तेलात पुसायचे, मग साबणाने धुवायचे. जुन्या पुस्तकांत सांगितलेला शिशाचा पांढरा घरात आणू नका. बाटलीला झाकण हवं, आणि पाण्याच्या बाटलीसारखी दिसणारी बाटली तर नकोच. तेलाने माखलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकू नका, वाळताना त्या तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात भिजवून टाका.

वाळवणं आणि टांगणं

चित्र कपाटात वाळवू नका, अंधारात जवसाचं तेल पिवळं पडतं. उजेडाच्या खोलीत, पण उन्हात नाही. वार्निश किमान सहा महिन्यांनी, आणि पावसाळ्यात कधीच नाही, कारण ओलाव्याने त्यावर पांढरट धुरकटपणा येतो. दिवाळीत संपलेल्या चित्राला पुढचा मे बरा.

मागे, कॅनव्हासवर नव्हे तर लाकडी पट्टीवर, पेन्सिलीने लिहा: नाव, वय वर्षं आणि महिन्यांसकट, बैठकांच्या तारखा, कोणती खिडकी, कोणते रंग. आमच्या पट्टीवर त्याशेजारी काजळाचं एक बोटही उमटलेलं आहे. सासूबाईंनी चित्राला तीट लावली, आणि पुढून लावू दिली नाही म्हणून मागून. पावसाकडच्या बाहेरच्या भिंतीवर टांगू नका, ती ओल धरते आणि कॅनव्हासच्या पाठीला बुरशी येते, कोकणात तर हमखास. फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून बुचाचे तुकडे चिकटवा म्हणजे हवा खेळेल, आणि वर्षातून एकदा, दसऱ्याच्या साफसफाईत, चित्र उतरवून पाठ कोरड्या मऊ ब्रशने झाडून घ्या.